वामनमामाचा मुक्काम

इंदिरानगर, नाशिक
गुरुवार, ९ मार्च २००६

चि. मनोज,

ताईचे आशीर्वाद. (ज्याच्या डोक्यावर आता माझ्यापेक्षा कमी केस उरले आहेत त्याला ‘चिरंजीव’ लिहिताना हात अडखळतो, पण धाकटा तो धाकटाच.) तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर होळीच्या तोंडावर जातंय, त्याबद्दल आधी क्षमा कर. मधल्या काळात आपण फोनवर बोललो, नाही असं नाही. पण तू ‘ताई, माझ्या प्रश्नाचं काय?’ म्हणालास की दर वेळी मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. त्यातल्या एकाच वेळी कुकर खरोखर गॅसवर होता. फोनवर मला खरं बोलता येत नाही, समोरचा जे म्हणेल ते पटत जातं. मागे एका बाईंनी चुकून आमचा नंबर लावला, तर त्यांच्या जावेचंच कसं चुकलं हे मी त्यांना बराच वेळ समजावून सांगत होते. म्हणून पत्र.

तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत पाठीमागे उशी घेतोस की संध्या सांगते म्हणून नुसती हो हो करतोस? इकडे सगळे बरे आहेत. तात्यांची साखर ताब्यात आहे, अक्कांचे गुडघे ताब्यात नाहीत. आमचे हे सिन्नरच्या कारखान्यातून रोज दमून येतात आणि बातम्या लावून झोपतात. माझ्यासमोर बारावीच्या पेपरांचे गठ्ठे आहेत. एका मुलाला निबंधात अर्धा गुण द्यायचा राहून गेला की काय, हे पाहायला काल मी शिवलेला गठ्ठा उसवला. दिला होता. पुन्हा शिवला. तेव्हा तू हा प्रश्न नेमका कोणाला विचारलास याचा आधीच विचार करायला हवा होतास.

तुझा प्रश्न पुन्हा लिहून काढते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते आहे असं व्हायला नको. तू लिहिलंस, ‘मुक्काम वाढला’ अजून चांगली आहे का ते खरं सांग. चॅनेलवाले आणखी दोन वर्षं ओढा म्हणतायत, माझं मन घेत नाही. तू शिळी झाली म्हणालीस तर पाडव्याला शेवटचा भाग देऊन मी मोकळा होतो.

आता पाडवा तीन आठवड्यांवर आला, तेव्हा पळवाट नाही.

मी सुरुवातीपासून आठवून पाहिलं. सत्त्याण्णव साली वामनमामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी देवधरांच्या दोन खोल्यांत चार दिवस राहायला आला, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, मामा काही निघाला नाही. पहिली दोन वर्षं तू जे लिहिलंस ते सोनं होतं रे. काही घडायचंच नाही. मामा एका टॉवेलवरून अख्खा भाग काढायचा. देवधर त्याला जा म्हणू शकत नाहीत आणि तो राहतो म्हणत नाही, एवढ्यावर आमची पोटं दुखायची. ‘निघतोच आहे’ हे तो तेव्हा कधीतरी म्हणायचा, आणि तेही बूट घालता घालता, त्याला स्वतःला ते खरं वाटत असताना. आता तो दार उघडलं की म्हणतो, जेवताना म्हणतो, आणि मागे न दिसणारी माणसं लगेच हसतात. ही कोण माणसं आहेत, मनोज? ती मला आमच्या कॉलेजातल्या शिपायासारखी वाटतात, प्राचार्यांनी तोंड उघडण्याआधीच तो हसतो.

पुढे शेळी आली. शेळीपर्यंत माझी तक्रार नव्हती. मग मामाचा जुळा भाऊ आला, मग मामाची स्मृती गेली, ती शेळीने ढुशी दिल्यावर परत आली. देवधरवहिनी माहेरी गेल्या आणि परत आल्या त्या वेगळ्याच बाई, आणि घरात कोणी एका शब्दाने विचारलं नाही. (माहेरचं पाणी मानवलं असेल, असं अक्का म्हणाल्या, आणि विषय संपवला.) मग सगळे मिळून महाबळेश्वरला भुताटकीच्या बंगल्यात गेले. तो भाग मी पेपर तपासत पाहिला. कोणत्याही मुलाचे गुण त्यामुळे वाढले किंवा घटले नाहीत, यावरून काय ते समज.

तर शिळी झाली आहे का? झाली आहे. हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायले. कारण हे खरं असलं तरी सगळं खरं नाही, आणि अर्धं उत्तर लिहून पूर्ण गुण मागणाऱ्यांना मी स्वतः शून्य देते.

अडचण अशी आहे, की गेली कित्येक वर्षं मी तुझी मालिका बघतच नाही. म्हणजे गुरुवारी आठ वाजता टीव्हीसमोर असते, पण बघत असते ती तात्या आणि अण्णांना. तात्या म्हणजे माझे सासरे गोटीराम, अक्का सासूबाई, आणि अण्णा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ झुंबरअण्णा, हे तुला माहीत आहे. दोघांनी लासलगावकडची शेती भाच्यांवर सोपवून इथे शेजारी शेजारी प्लॉट घेतले, घरं बांधली, मधली भिंत एकच ठेवली, आणि नंतर अठ्ठ्याण्णव साली नणंदेच्या लग्नात त्यांचं बोलणं तुटलं, हेही माहीत आहे. त्याचं कारण तू विनोद म्हणून ऐकलंस, पण मी तिथे होते म्हणून नीट सांगते. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांची नावं माईकवर पुकारतात आणि प्रत्येकाला टोपी-टॉवेल, नारळ देतात. थोरल्या चुलत्याचं नाव पहिलं. ते पुकारलंही. पण अण्णा तेव्हा मंडपात नव्हते, मागे चुलीजवळ भाताच्या हंड्यावर उभे होते, कारण आचारी भात करपवणार असा त्यांना संशय होता. माईकवाल्याने दोनदा हाक मारली आणि पुढच्या नावाला लागला. अण्णा हात पुसत आले तेव्हा मंडपवाल्याला टोपी घालणं चाललं होतं. त्याच्यानंतर अण्णांना पुन्हा पुकारलं. अण्णा गेले नाहीत. टॉवेल खुर्चीवर ठेवला गेला आणि खुर्ची रिकामी राहिली. तात्यांचं म्हणणं, पहिलं नाव पुकारलं होतं, त्याने जागेवर असायला हवं. अण्णांचं म्हणणं, मी तुझ्याच लेकीच्या पंगतीसाठी धुरात उभा होतो, दहा पावलांवर माणूस पाठवता आला नाही? दोघांचंही बरोबर आहे. दोघांपैकी एक जरी चुकीचा असता तर आठवड्यात मिटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात विजेच्या झटक्याने अण्णांचा टीव्ही जळाला. चुलतसासूबाई लंकाबाई तुझ्या मालिकेच्या भक्त. बायकांनी कधी अबोला धरलाच नव्हता, त्या गुरुवारी सरळ आमच्याकडे आल्या, आणि त्यांना अंधारात पोहोचवायला म्हणून अण्णा दारापर्यंत आले. (अंतर एका भिंतीचं.) ‘भावाच्या घरात पाय ठेवणार नाही’ असं ते चारचौघांत बोलून बसले होते, म्हणून अक्कांनी खुर्ची उंबऱ्यावर टाकली, मागचे पाय बाहेर, पुढचे आत. घराबाहेर बसल्याचं अण्णांचं समाधान झालं आणि आत बसवल्याचं अक्कांचं. पुढे अण्णांकडे नवा रंगीत टीव्ही आला, आमच्याहून मोठा. तो गुरुवारी बंद असतो.

आणि ते बोलतात, मनोज. एकमेकांशी नाही, वामनमामाशी. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते असं, की देवधरांनी मामाला न विचारता ताट वाढलं आणि मामा रुसला, तर अण्णा उंबऱ्यावरून टीव्हीला म्हणाले, “रुस मामा, रुस. हाक मारायची रीत नाय काही घरांत.” तात्या सोफ्यावरून टीव्हीलाच म्हणाले, “हाक मारली व्हती मामा तुला. तू हंड्यात डोकं घालून बसला व्हता.” देवधरांच्या घरात हंडा नाही. मी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं तर अक्का आणि लंकाबाई एकमेकींना चिमटे काढत होत्या.

तेव्हापासून आमच्या घरातले सगळे मोठे विषय मामामार्फत चालतात. तात्यांना साखरेचा त्रास निघाला ती बातमी भिंतीपलीकडे गेली आणि त्या गुरुवारी मामा पडद्यावर शिरा खात होता. अण्णा म्हणाले, “मामा, पुरे कर. आपल्या आईचा पाय आठीव.” मामाच्या आईचा पाय आम्ही कधी पाहिला नाही, पण तात्यांनी हातातला पेढा बशीत ठेवला, तो उचलला नाही. लंकाबाई गेल्या तेव्हा स्मशानात दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते. पुढच्या गुरुवारी उंबऱ्यावर कोणी आलं नाही. तात्यांनी टीव्ही लावू दिला नाही, आज मामाला बरं नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी अण्णा आले. पडद्यावर कसली तरी जाहिरात लागली होती, साबणाची असावी, मामाचा पत्ताही नव्हता. तात्या त्या जाहिरातीकडे बघत म्हणाले, “आला का मामा? बरं केलं. एकट्याचं जेवण अंगी लागत नाय. अक्के, ताट वाढ.” अण्णा उंबऱ्यावर बसून जेवले. तो भाग कशावर होता ते मला सांगता येणार नाही. वाईट असेल तर माफ केला.

आता तू सांग, मी या मालिकेला गुण कसे देऊ?

तरीही मी प्रामाणिक प्रयत्न केला. आपलं मत भावनेत वाहून जातंय असं वाटून मी परीक्षा घ्यायची ठरवली. तू पहिल्या वर्षीच्या भागांच्या कॅसेटी दिल्या होत्यास, त्यातली टॉवेलची कॅसेट संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी, मालिका सुरू व्हायच्या आधी, कोणाला काही न सांगता लावली. मी मनात म्हटलं, आता बघतील, अस्सल माल काय असतो ते. दोघांनी शांतपणे पाहिलं. कोणी हसलं नाही. अण्णा म्हणाले, “हा मामा डुप्लिकेट हाय.” तात्या म्हणाले, “लय घाईघाई बोलतो. आन् शेळी कुठंय?” मी सांगितलं की हाच मूळचा मामा, पहिल्या वर्षीचा. त्यावर अण्णांनी (टीव्हीला) विचारलं, मूळचा आहे तर ‘निघतोच आहे’ का म्हणत नाही? “सूनबाई,” तात्या म्हणाले, “आपला मामा लाव.” माझं सोनं मी गुपचूप डब्यात घालून ठेवलं.

आता थोडं रागवायचं आहे. मागच्या राखीला मी तुला टोपी-टॉवेलची गोष्ट पुन्हा सांगितली ती बहीण म्हणून. तू मला न विचारता त्यावर भाग लिहिलास. मामा आणि त्याचा गावाकडचा भाऊ, लग्न, माईक, भाताचा हंडा, सगळं. माणसाने निदान हंड्याची कढई तरी करावी! तो भाग लागला आणि मला कुठे लपू असं झालं. अक्कांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता खुर्ची उचलली जाते आणि गुरुवार संपतो. भाग संपेपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही. शेवटी तुझ्या मामाने भावाला मिठी मारली, मागून सनई वाजली. मग तात्या टीव्हीला म्हणाले, “काहीतरीच दाखवत्यात. टॉवेलासाठी कोन एवढं रुसतं का?” आणि अण्णा म्हणाले, “नाय ना! खऱ्यात माणसं असली नसत्यात. लिवणारा शहरातला दिसतोय.” “पयलं बरं लिवायचा,” तात्या म्हणाले. “आता काय दम नाय राहिला,” अण्णा म्हणाले. आठ वर्षांत तुझी मालिका उतरली असं ते दोघे एकमताने म्हणाले ते एवढ्या एकाच भागाबद्दल, जो मी शपथेवर सांगू शकते की अक्षरशः खरा होता. यावरून तुला लिखाणाबद्दल काही शिकता आलं तर शीक. मला नाही आलं.

तर माझं उत्तर. मालिका पूर्वीइतकी चांगली राहिलेली नाही. विनोद पातळ झाले आहेत, शेळी थकली आहे. पण मामा जुना झाला तसा घरचा झाला, आणि घरच्या माणसाचा विनोद चांगला की वाईट हे कोण बघतं? (हे वाक्य लिहिल्यावर मला फार आवडलं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवलेला नाही. तूही ठेवू नकोस.) मी तटस्थ नाही, हे कबूल करते. तू पाडव्याला बंद केलीस तर त्याच्या पुढच्या गुरुवारी अण्णा कशासाठी येतील? त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे, वयाची अठ्ठ्याहत्तरी आहे, आणि एकदा बोलून बसलेला शब्द आहे. भिंत तीच राहील, पण पेढा खाली ठेवायला सांगणारं कोणी राहणार नाही. म्हणून मनोज, शिळी तर शिळी, तुझं मन मारून आणखी दोन वर्षं लिही. जमल्यास शेळीला रजा दे.

एवढं मागणं बरोबर आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझी पाठ, तुझं नाव, तुझं समाधान, आणि मी मागते काय, तर दोन म्हाताऱ्यांचा गुरुवार. पण तू खरं सांग म्हणालास, म्हणून सांगितलं.

संध्याला आशीर्वाद. खुर्चीत पाठीमागे उशी घे.

तुझी,
ललिताताई

ता. क. : पत्र दुपारीच लिहून झालं होतं, पण पाकीट चिकटवण्याआधी आजचा भाग बघून घ्यावा म्हटलं. एखाद वेळी तू आज फार चांगलं लिहिलेलं असायचं आणि ‘पातळ’ हा शब्द अन्यायाचा ठरायचा. आठ वाजता अण्णा आले आणि लाईट गेली. भारनियमनाच्या वेळापत्रकात ही वेळ आमची नव्हती, पण गेली. मेणबत्ती शोधेपर्यंत मला वाटलं अण्णा उठून जातील. ते बसून राहिले. तात्याही बसून राहिले. दोघे बंद टीव्हीकडे तोंड करून.

अण्णा म्हणाले, “मामा काय करत असंल आता?”

“त्यांची बी गेली असंल लाईट,” तात्या म्हणाले.

“मुंबईत नाय जात.”

“मंग चहा मागत असंल.”

“कोन देतंय? देवधरीण माहेरी गेलीय मागच्या गुरुवारी.”

“मंग सवताच ठिवला असंल. दूध उतू घालवलं असंल सगळं.”

“आन् म्हनंल, भांडंच बारकं व्हतं.”

तात्या हसले, मनोज. मागच्या न दिसणाऱ्या माणसांशिवाय, पोट धरून. अक्का आत हसल्या. आणि मग अण्णा म्हणाले, “तू बी तसंच केलं व्हतं. आई मळ्यात गेली तव्हा.”

‘तू’ म्हणाले. मामाला नव्हे. मी मेणबत्ती हातात घेऊन दारात उभी होते, ती तशीच विझवून टाकली, उजेडात त्यांना एकमेकांची तोंडं दिसली असती तर काय झालं असतं देव जाणे. मग सोफ्यावरून आवाज आला, “भांडं बारकंच व्हतं.”

त्यानंतर त्यांनी मामाला गावाकडच्या जत्रेत नेलं, बैलगाडीतून पाडलं, परत आणलं. तुझ्यापेक्षा बरं रचलं, हे मी तुझा राग पत्करून लिहिते. लाईट आली तेव्हा तुझा भाग अर्ध्यावर होता, मामा गॉगल घालून समुद्रावर फिरत होता. दोघांनी जरा वेळ पाहिलं आणि तात्यांनी आवाज बंद केला.

ता. क. २ : तेव्हा वर जे मागितलं ते रद्द समज. पाडव्याला खुशाल बंद कर, तुझ्या मनासारखी. एकच विनंती आहे, आणि खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच समज. शेवटच्या भागात मामाला गावी पाठवू नकोस, त्याचं लग्न लावू नकोस, मारू तर मुळीच नकोस. चॅनेलवाले रडारड मागतील, देऊ नकोस. देवधरांच्या दोन खोल्यांत त्याला जसा आहे तसा राहू दे आणि पडदा टाक. पुढचं इथले दोघे बघून घेतील.

ता. क. ३ : जाताना अण्णांनी विचारलं, “उद्या बी जानार का लाईट?” हेही टीव्हीला विचारलं नाही. तात्या म्हणाले, “सांगता येत नाय. येऊन बघ.” मी वेळापत्रक पाहिलं. उद्या आमच्या भागात संध्याकाळी वीज आहे. घरच्यांना फसवणं मला पटत नाही, यावर डायरीत पानभर लिहून झालं, आणि पानाच्या शेवटी रोजच्यासारखं उद्याचं काम लिहिलं ते तुलाही कळवून ठेवते.

उद्या : आठच्या जरा आधी मेन स्विच बंद करणे.